सांतियागो दे कोम्पोस्तेला : नऊ दिवस, एक खोली आणि पाऊस

वाशिष्ठीकाठ :

गेल्या ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आम्ही दोघे स्पेनच्या वायव्य टोकाला, गालिसियातल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला या गावी नऊ दिवस राहून आलो. स्पेन म्हटले की ऊन आणि समुद्रकिनारा डोळ्यांपुढे येतो, पण या गावात वर्षाला सुमारे १८०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या दुपटीहून बराच अधिक. माझे माहेर चिपळूणचे असल्यामुळे हा आकडा ऐकून मी घाबरले नाही. फरक एवढाच, की आमचा पाऊस चार महिन्यांत काय ते उरकून निघून जातो आणि सांतियागोचा पाऊस बारा महिने घरातल्या माणसासारखा ये-जा करत राहतो.

याआधीच्या आमच्या दोन्ही परदेशवाऱ्या यात्रा कंपनीबरोबर झाल्या होत्या. पहाटे सहाला बॅगा दाराबाहेर ठेवायच्या आणि दिवसभर झेंडेवाल्याच्या मागे धावायचे, असा तो प्रकार होता. या वेळी ह्यांच्या गुडघ्यांनी निकाल दिला आणि "एक गाव, एक खोली, यादी नाही," असे ह्यांनी जाहीर करून टाकले. "अहो, पण नऊ दिवस तिथे करायचे काय?" या माझ्या प्रश्नाला "जेवायचे," असे एका शब्दाचे उत्तर मिळाले. ह्यांचा जीव माशांत आणि मी अंड्यापलीकडे कधी न गेलेली, तेव्हा ही योजना कोणाच्या सोयीची होती हे सांगायला नको.

माद्रिदहून गालिसियाकडे जाणारा द्रुतगती लोहमार्ग २०२१ च्या डिसेंबरात पूर्ण झाल्यापासून हा प्रवास साडेतीन तासांच्या आत होतो. निम्म्याहून अधिक वाट कोरड्या, पिवळट पठारावरून जाते. मग बोगद्यांची रांग सुरू होते आणि पलीकडे बाहेर पडल्यावर सगळे हिरवेगार, ढग डोंगराच्या कमरेपर्यंत उतरलेले आणि खिडकीच्या काचेवर पाणी. ताम्हिणी घाट उतरताना जे दिसते तेच हे, फक्त दगड काळा नसून राखाडी.

आमची खोली रुआ दे सान पेद्रो या रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावर होती. 'रुआ' म्हणजे गालिसियन भाषेत रस्ता. इथल्या कॅथेड्रलमध्ये येशूचा शिष्य संत याकोब याची समाधी मानतात; तिच्या दर्शनाला फ्रान्सच्या सीमेकडून येणारी यात्रेची मुख्य वाट याच रस्त्याने जुन्या गावात शिरते, हे आम्हाला पहिल्या सकाळी कळले, कारण बाहेर मिट्ट काळोख असताना खालच्या फरसबंदीवर काठ्यांचा टकटक आवाज सुरू झाला. घड्याळात साडेआठ वाजले होते. ऑक्टोबरच्या त्या दिवसांत तिथे पावणेनऊ होऊन गेल्याशिवाय सूर्य उगवत नाही. खिडकीतून पाहिले तर दिव्यांच्या उजेडात पाठीवरच्या पिशवीसकट पावसाळी कापडात गुंडाळलेली माणसे, कुबड आल्यासारखी दिसणारी, एकेकटी किंवा दोघादोघांनी चालली होती. २०२४ मध्ये जवळजवळ पाच लाख यात्रेकरूंनी इथे येऊन आपली नोंद केली. ही सगळी माणसे कित्येक दिवस चालून ज्या गावी पोहोचतात आणि बहुधा दुसऱ्या दिवशी निघून जातात, तिथे आम्ही आगगाडीने येऊन नऊ दिवस बसून राहिलो, याची पहिले दोन दिवस थोडी लाज वाटली. नंतर ती गेली.

हे गाव पावसासाठी बांधलेले आहे असे माझे मत झाले. रुआ दो विलार आणि रुआ नोवा या जुन्या रस्त्यांच्या कडेने दगडी कमानींचे सोपे आहेत, म्हणजे घरांचे वरचे मजले खांबांवर पुढे आलेले आणि खाली लोकांना चालायला कोरडी वाट. खांब सगळे सारखे नाहीत, कारण ज्याने त्याने आपापल्या घरापुढे आपल्या ऐपतीप्रमाणे उभे केले. दुपारी पाऊस वाढला की गावातली म्हातारी मंडळी या सोप्यांखाली हात मागे बांधून इकडून तिकडे फेऱ्या मारतात. आमचे हे तिसऱ्या दिवसापासून त्यांच्यात सामील झाले आणि भाषा येत नसताना मान हलवून दोघा-तिघांशी ओळखही करून बसले. भिजला की तिथला ग्रॅनाइट काळपट होतो आणि रात्री दिव्यांखाली असा चमकतो, की कोरड्या दिवशी तेच चौक मला काहीसे ओकेबोके वाटले.

सकाळचा कार्यक्रम ठरलेला होता तो मेर्कादो दे आबास्तोस या मंडईचा. आजची इमारत १९४१ ची असून दगडी, उंच छताची, एखाद्या देवळाच्या ओळीसारखी आहे. आत मासळी, मांस, चीज आणि भाज्या यांच्या वेगळ्या रांगा आहेत, पण खरी मजा बाहेर. आसपासच्या खेड्यांतल्या बायका आपल्या मळ्यातली भाजी टोपल्यांत घेऊन बसतात. कोणाकडे चार जुड्या सलगमाचा पाला, कोणाकडे वाटीभर चेस्टनट, कोणाकडे अर्धा डझन अंडी. मासळीच्या गाळ्यापुढे ह्यांना हलवणे अवघड होते. शिंपल्यांचे आठ-दहा प्रकार आणि 'पेर्सेबेस' नावाचा एक जीव, जो लाटा आपटणाऱ्या कड्यांवर खडकाला चिकटून वाढतो. तो खरवडून काढताना माणसे जिवावर उदार होतात, म्हणून त्याचा भाव ऐकून आपणही जिवावर उदार व्हावे लागते. दिसायला तो डायनासोरच्या बोटासारखा आहे आणि याहून सौम्य उपमा मला सुचत नाही. आपण विकत घेतलेली मासळी मंडईतच थोडे पैसे घेऊन शिजवून देणारी जागा आहे. ह्यांनी मूठभर पेर्सेबेस घेतले, पाण्यात मीठ आणि तमालपत्र घालून दोन मिनिटांत उकडून मिळाले, आणि ते सोलताना पहिलीच चिळकांडी माझ्या चष्म्यावर आली. "समुद्र खाल्ल्यासारखे वाटते," एवढेच ह्यांचे म्हणणे.

दुपारचे जेवण दोननंतर. 'मेनू देल दिया' म्हणजे त्या दिवसाचे ठरलेले ताट. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पाणी किंवा वाइन आणि शेवटी गोड, हे सगळे माणशी पंधरा युरोंच्या आसपास मिळे. खिडकीशी बसायचे, बाहेर पाऊस, आणि चार वाजेपर्यंत कोणी बिल आणून पुढे टाकत नाही. जेवण झाल्यावर टेबलावरच गप्पा मारत बसण्याला त्यांच्याकडे 'सोब्रेमेसा' असा स्वतंत्र शब्द आहे. आपल्याकडे उष्टे हात वाळेपर्यंत पानावर गप्पा रंगतात, तोच हा प्रकार, फक्त हात धुतलेले असतात.

बाकीचे पुढच्या भागात लिहीन. विचारायचे असेल ते विचारा.

शेपूभाजी :

वर्णन वाचून आत्ताच छत्री घेऊन निघावेसे वाटले. पण ताई, आपण स्वतः नऊ दिवस काय खाल्लेत, ते सोयीस्करपणे वगळले आहे. आम्ही दोघेही शाकाहारी असून अंडे चालते. सोबत थेपल्यांची किती पाकिटे न्यावीत?

वाशिष्ठीकाठ :

शेपूभाजी, मी दोन पाकिटे नेली होती आणि एक परत आणले. जवळच्या पाद्रोन गावच्या मिरच्या हा माझा आधार होता. बोटाएवढ्या हिरव्या मिरच्या तेलात फोड येईपर्यंत परतून वर जाडे मीठ घालतात. "काही तिखट, काही नाही" अशी त्यांच्याबद्दल गालिसियन म्हणच आहे. हंगाम संपत आला की तिखट मिरच्यांचे प्रमाण वाढते म्हणतात, तरी आपल्या भज्यांच्या मिरचीपुढे त्या सात्त्विकच. बटाट्याचे आम्लेट, म्हणजे 'तोर्तिया', सर्वत्र मिळते. गालिसियात ते मधे ओलसर ठेवतात, तसे नको असेल तर आधी सांगावे. 'तेतिया' नावाचे मऊ चीज बिहीच्या फळाच्या घट्ट वडीबरोबर देतात आणि ती जोडी मला फार आवडली. शिवाय पावसाळी हवेमुळे त्या दिवसांत अळिंबी भरपूर होती आणि रस्त्यावर भाजलेले चेस्टनट.

फसगत एकदा झाली. 'काल्दो' हे तिथले रोजचे सार, पांढरा घेवडा, बटाटा आणि पालेभाजी घालून केलेले. थंडीत भिजून आल्यावर त्याची वाफच निम्मे काम करते. मी मांस नको असे लिहिलेला कागद दाखवला, वाढणाऱ्या बाईंनी मान डोलावली, आणि वाडग्यात मांसाचा तुकडा खरोखर नव्हता. मात्र पहिल्या घासाला लक्षात आले, की सार मुरवलेल्या डुकराच्या चरबीच्या फोडणीवर उभे आहे. तिला 'उंतो' म्हणतात आणि तिथल्या लोकांच्या हिशेबी ते मांस नव्हेच. आपण हिंगाला मसाला धरत नाही, तसे काहीसे. कागदावर 'उंतो नको' असे स्वतंत्र लिहावे. 'एम्पानादा' ही चपटी भरलेली पोळी दिसते मोहक, पण आत बहुतेक वेळा ट्यूना असतो.

सदाशिवपेठी :

लेखन उत्तम, पण मुद्दा पटला नाही. जेमतेम लाखभर वस्तीच्या गावात नऊ दिवस घालवायचे आणि तेही भिजत? तेवढ्याच विमानभाड्यात बार्सेलोना, ग्रानादा, सेव्हिल आणि लिस्बन आरामात झाले असते. आम्ही बारा दिवसांत हे सगळे करून शिवाय जिब्राल्टर पाहिले. कॅथेड्रलला दोन तास, चौकाला एक तास, मंडईला एक तास. सांतियागोत दुसऱ्या दिवशी पाहण्यासारखे नेमके काय उरते?

माद्रिदकर :

सदाशिवपेठी, आपल्या हिशेबात एक तास चुकला आहे आणि तो खुद्द स्पेनचा आहे. सांतियागो रेखांशाने लिस्बनच्या जवळपास असूनही घड्याळ मात्र बर्लिनचे लावतो, कारण १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने देशाची वेळ एक तासाने पुढे नेली ती नेलीच. म्हणूनच वाशिष्ठीकाठ यांना पावणेनऊपर्यंत उजाडलेले दिसले नाही, आणि म्हणूनच दोन वाजताचे जेवण हे त्या दिवसांत सूर्याच्या दृष्टीने बाराच्याही आधीचे असते. हे ध्यानात न घेता माझे पाहुणे साडेसहाला रात्रीच्या जेवणासाठी उपाहारगृहाच्या बंद दारापुढे उभे राहतात आणि रात्री मला दूरध्वनी करून तक्रार करतात. नऊच्या आधी स्वयंपाकघर पेटत नाही. मधल्या वेळी बारमध्ये एक पेला मागवावा. गालिसियात त्याबरोबर काहीतरी खाणे फुकट येते, माद्रिदमध्ये आता ते कमी झाले आहे.

मी गेली काही वर्षे इथे राहतो आणि उन्हाळ्याला कंटाळलो की मुद्दाम सांतियागोला जातो. रुआ दो फ्रांको या रस्त्याच्या एका टोकाला 'पारीस' नावाचा बार आणि दुसऱ्या टोकाला 'दाकार'. विद्यार्थी एकापासून दुसऱ्यापर्यंत मधल्या प्रत्येक दारात थांबत जातात आणि त्याला 'पारीस-दाकार' शर्यत म्हणतात. १४९५ पासूनचे विद्यापीठ असलेल्या गावाकडून एवढ्या विनोदाची अपेक्षा ठेवायला हरकत नाही. तिथली 'रिबेइरो' ही पांढरी वाइन जुन्या जागांमध्ये अजून काचेच्या पेल्यात न देता पांढऱ्या चिनी मातीच्या वाटीत देतात.

मांडवीतीर :

माझ्यासारख्या गोंयकाराला गालिसियन भाषा कानाला परकी वाटतच नाही. मध्ययुगात गालिसियन आणि पोर्तुगीज ही एकच भाषा होती आणि पुढे मधे राजकीय सीमा आली. त्यामुळे पोर्तुगिजांनी आपल्याकडे सोडलेले शब्द तिथे घरोघरी भेटतात. सांतियागोत खोलीची मालकीण माझ्या हातात किल्ली ठेवत 'चावे' म्हणाली तेव्हा मी चकित झालो, कारण आपली 'चावी' ती हीच. गळणाऱ्या छताखाली ठेवायला तिने 'बाल्दे' आणली, ती आपली बादली. खिडकी 'शानेला', जिला आम्ही कोंकणीत 'जनेल' म्हणतो, आणि चर्च 'इग्रेशा', आमची 'इगर्ज'. 'शाबोन' म्हणजे साबण, पण साबणाबद्दल मी छातीठोकपणे बोलणार नाही, तो अरबांकडूनही आला असेल.

शिंपल्यांबद्दल वाशिष्ठीकाठ यांच्या यजमानांशी मी पूर्ण सहमत आहे. तिथे 'मेशियोन्स' म्हणून जे मिळतात ते आमचे शिणाणेच. खाड्यांमध्ये मोठाले लाकडी तराफे नांगरून त्यांना दोर सोडतात आणि त्या दोरांवर शिणाणे वाढवतात. आम्ही त्यात खोबरे घालतो, ते फक्त वाफवून लिंबू देतात. पहिल्या दिवशी मला हा आळशीपणा वाटला, तिसऱ्या दिवशी खोबऱ्याची आठवण येईनाशी झाली. हे घरी सांगितलेले नाही.

वाशिष्ठीकाठ :

मांडवीतीर, आपले गुपित इथे सुरक्षित आहे. सदाशिवपेठी यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून पुढचा भाग लिहिते. दुसऱ्या दिवशी काय उरते ते मला सांगता येणार नाही, पण पाचव्या दिवशीचे सांगते.

पाचव्या दिवशी सकाळपासून इतका जोर होता, की पुण्याहून नेलेली माझी घडीची छत्री ओब्रादोइरो चौकात उलटी होऊन तिच्या दोन काड्या मोडल्या. कॅथेड्रलपुढचा हा चौक म्हणजे वाऱ्याचा अड्डाच. आम्ही बोनावाल टेकडीवरच्या सांतो दोमिंगो या जुन्या मठात आश्रय घेतला. तिथे आता गालिसियन लोकजीवनाचे संग्रहालय आहे. मठात दोमिंगो दे आंद्रादे या वास्तुविशारदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला एक जिना आहे. एकाच गोल पोकळीत तीन स्वतंत्र चक्री जिने एकमेकांभोवती गुंफले असून मधे कोणताही खांब नाही. मी एकाने चढले, माझ्या डोळ्यांपुढून दुसऱ्याने कोणीतरी उतरत गेले आणि आमची गाठ पडणे शक्यच नव्हते.

गुडघ्यांमुळे हे खालीच थांबले होते. परत येऊन पाहते तर एका काचेपुढे खुर्ची असल्यासारखे निवांत उभे. आत एका शेतकऱ्याच्या पुतळ्यावर गवताचा पावसाळी झगा होता. त्याला 'कोरोसा' म्हणतात. लव्हाळ्याच्या जुड्या थरांवर थर विणलेल्या, पाणी वरून निथळून जावे म्हणून टोके खाली सोडलेली. "हे आपले इरले," हे म्हणाले. माझ्या आजोळी लावणीच्या वेळी बांबूच्या कामट्या आणि पानांची इरली पाठीवर घेऊन वाकलेल्या बायका मी लहानपणी पाहिल्या आहेत. तिथल्या शेतकऱ्याने गवत नेसले, इथल्या बाईने पाने पांघरली. त्या काचेपुढे आम्ही किती वेळ होतो ते आठवत नाही, पण दोन तास कॅथेड्रल, एक तास चौक या वेळापत्रकात ते बसले नसते.

त्याच मठाच्या चर्चमध्ये कवयित्री रोसालिया दे कास्त्रो हिची समाधी आहे. ती १८८५ मध्ये पाद्रोनला वारली आणि १८९१ मध्ये तिच्या अस्थी इथे आणल्या गेल्या. ज्या काळात गालिसियन ही चुलीपुढची भाषा मानली जाई, त्या काळात तिने त्या भाषेत कविता लिहिली. तिच्या पहिल्या गालिसियन काव्यसंग्रहाशी जोडलेला १७ मे हा दिवस आजही तिथे 'गालिसियन साहित्य दिन' म्हणून पाळतात. आपल्याकडे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिन असतो, त्याची आठवण झाली. समाधीवर ताजी फुले होती आणि ती सरकारी वाटत नव्हती.

रविवारी मंडई बंद असते, म्हणून आगगाडीने वीसेक मिनिटांवरच्या पाद्रोनला गेलो. तिथे रविवारचा आठवडी बाजार भरतो. तंबूखाली तांब्याच्या मोठ्या हंड्यात ऑक्टोपस शिजत होते. उकळत्या पाण्यात तो आधी तीनदा बुडवून वर काढतात, म्हणजे कातडी सुटत नाही. त्याला ते 'घाबरवणे' म्हणतात. मग कात्रीने काप करून लाकडी ताटलीत, वर जाडे मीठ, लाल मिरचीची पूड आणि ऑलिव्हचे तेल. काटा नाही, दातकोरणीने टोचून खायचे. ह्यांनी दोन ताटल्या संपवल्या. मी शेजारी पाव आणि चीज खात बसले होते, तर कात्री चालवणाऱ्या बाईंनी माझ्याकडे अशा काही करुणेने पाहिले, की मी आजारी आहे असा त्यांचा समज झाला असावा.

दिंडीसोडलेला :

मी २०१९ मध्ये सारिया या गावापासून सांतियागोपर्यंत पाच दिवसांत सुमारे ११५ किलोमीटर चाललो. चालणाऱ्याला किमान १०० किलोमीटर पायी केल्याशिवाय यात्रेचे प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. सगळे मित्र "म्हणजे तिकडची वारीच," असे म्हणतात, पण मी दोन्ही केल्या आहेत आणि मला ते साम्य फारसे जाणवले नाही. वारीत दिंडीबाहेर माणसाला अस्तित्व नाही. गळ्यात टाळ असतो आणि पुढच्याच्या आवाजात आपला मिळवायचा असतो. तिकडे माणूस मुद्दाम एकटा चालतो आणि संध्याकाळी मुक्कामावर ओळखी करतो. साम्य एकच, ते म्हणजे पायांचे फोड.

माझी खंत वेगळी आहे. मी चिंब भिजून ओब्रादोइरो चौकात पोहोचलो, प्रमाणपत्र घेतले, छायाचित्र काढले आणि दुसऱ्या सकाळच्या गाडीने निघालो. वाशिष्ठीकाठ ज्यांना खिडकीतून पाहत होत्या, त्यांतलाच मी. या धाग्यातले निम्मे गाव मी पाहिलेच नाही. कॅथेड्रलमधले ते मोठे धूपपात्र तरी आपल्याला पाहायला मिळाले का?

वाशिष्ठीकाठ :

नाही. 'बोताफुमेइरो' हे ते धूपपात्र. सध्याचे १८५१ सालचे, दीड मीटर उंच आणि पन्नास किलोंहून जड. आठ माणसे दोर ओढून ते थेट छताजवळपर्यंत झुलवतात. पण ते ठरावीक सणांनाच, किंवा कोणी खर्च उचलला तर हलते, आणि आमच्या नऊ दिवसांत तसा योग आला नाही. त्याऐवजी 'पोर्तिको दा ग्लोरिया' हा कॅथेड्रलचा कोरीव दरवाजा निवांत पाहिला. मातेओ नावाच्या शिल्पकाराने ११८८ मध्ये त्याच्या तुळया बसवल्याचा कोरीव लेख त्यावरच आहे. दहाएक वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०१८ मध्ये तो पुन्हा खुला झाला आणि जुने रंग जागोजागी दिसू लागले. तिथे दानियेल हा संदेष्टा चक्क हसतो आहे. समोरच्या राणी एस्तेरच्या भरदार बांध्याकडे पाहून तो हसतो, अशी लोककथा आहे. मग म्हणे कोणा धर्माधिकाऱ्याने तिची छाती तासून सपाट करायला लावली आणि शेतकऱ्यांनी निषेध म्हणून त्या आकाराचे चीज करायला सुरुवात केली. वर ज्या 'तेतिया' चीजचे मी कौतुक केले, ते हेच. हे मला खाऊन झाल्यावर कळले.

रात्री जेवून परतताना आम्ही किंताना चौकातून येत असू. एका रुंद जिन्याने त्याचे दोन भाग केले आहेत, वरचा 'जिवंतांचा' आणि खालचा 'मृतांचा', कारण खाली पूर्वी दफनभूमी होती. कॅथेड्रलच्या भिंतीशी असलेल्या एका दगडी खांबाची सावली रात्री दिव्यामुळे अशी पडते, की काठी टेकून यात्रेकरू उभा आहेसे वाटते. पाऊस असला की चौकात आम्ही दोघे आणि तो, इतकीच वर्दळ.

शेपूभाजी :

शेवटचे दोन प्रश्न. सांतियागोचा तो प्रसिद्ध बदामाचा केक आणण्याजोगा आहे का? आणि आमचे मार्चमध्ये जायचे ठरते आहे, तर छत्री न्यावी की रेनकोट?

माद्रिदकर :

मार्चमध्ये दोन्ही न्या. गालिसियनमध्ये पावसाला डझनावारी शब्द आहेत. 'ओर्बायो' म्हणजे जवळजवळ न दिसणारी, पण तासाभरात माणूस ओला करणारी भुरभुर. आपल्या बुरंगटाची सख्खी बहीण. तिला छत्रीचा उपयोग नाही, ती बाजूने येते. 'त्रेबोआदा' म्हणजे गडगडाटी पाऊस, त्यात रेनकोट पुरत नाही. मार्चमध्ये आपल्याला मिरच्या मिळणार नाहीत, पण सलगमाचा कोवळा पाला, 'ग्रेलोस', त्याच्या ऐन हंगामाचा शेवट असेल. किंचित कडवट असतो, लसणावर परतून मागवा आणि 'उंतो नको' हे विसरू नका.

वाशिष्ठीकाठ :

छत्री तिथेच विकत घ्यावी, हे माझे मोडक्या काड्यांवरून आलेले मत. तिथल्या छत्र्या लांब दांड्याच्या आणि वाऱ्याला दाद न देणाऱ्या असतात, आणि प्रत्येक दुकानाच्या दाराशी त्या ठेवायला पिंप असते.

'तार्ता दे सांतियागो' जरूर आणावा. बदामाची पूड, साखर आणि अंडी, बहुतेक ठिकाणी मैदा अजिबात नाही, आणि वर पिठीसाखरेने रेखलेला संत याकोबाचा क्रूस. २०१० पासून त्याला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे आणि त्यानुसार वजनाचा किमान एकतृतीयांश भाग बदाम असावा लागतो. दुकानांत चाखायला तुकडे देतात, पण आम्ही घेतला तो किंताना चौकालगतच्या सान पायो मठातून. तिथल्या जोगिणी लोकांपुढे येत नाहीत. भिंतीत एक लाकडी फिरते कपाट आहे. आपण घंटा वाजवायची, काय हवे ते सांगायचे, आतून "आवे मारिया" असा बारीक आवाज येतो, पैसे कपाटात ठेवायचे, ते फिरते आणि पलीकडून खोका येतो. माझ्या तोडक्यामोडक्या स्पॅनिशला आतून एक छोटेसे हसणे ऐकू आले, ते कोणाचे हे कधीच कळणार नाही.

केक आठवडाभर सहज टिकतो. आम्ही दोन आणले, एक चिपळूणला भावाकडे दिला. वहिनीने एक तुकडा खाऊन बदामाची वडी इतकी मऊ कशी राहिली म्हणून कृती विचारली, मी सांगू लागले, आणि अंड्यांच्या आकड्यापाशी आल्यावर तिने बशी हळूच खाली ठेवली. उरलेला केक ह्यांनी संपवला.